वारस नोंदीसाठी बहिणींचं हक्कसोडपत्र लागतं का?

रानजाई: वडील वारले. जमीन वडिलोपार्जित, मागे आई, भाऊ आणि आम्ही दोन विवाहित बहिणी. भाऊ म्हणतो, बहिणींनी हक्कसोड केल्याशिवाय वारस नोंद लागत नाही. खरं आहे का? सही करायची नाही, पण माहेरही तोडायचं नाही.

बांधावरचा: खरं नाही. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि तलाठ्याकडे अर्ज, बस्स. मुदत तीन महिने. अर्ज कोणताही वारस देऊ शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. मग नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) प्रमाणित करतात. घोळ होतो तो प्रतिज्ञापत्रात: मुलींची नावंच गाळतात. त्यामुळे फेरफार स्वतः वाचा. नाव नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. प्रमाणित झाला असेल तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील.

कलमवाली: तुमच्या घरात चौघांना प्रत्येकी १/४. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीची हक्कदार झाली, आणि वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असायला हवेत ही अटही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये काढली. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालंय का ते बघा, तसं वाटप या दुरुस्तीने मोडत नाही. ‘लग्नात खर्च केला तोच वाटा’ याला कायद्यात काडीचा आधार नाही.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, नोटरीचा कागद चालत नाही. एकदा नोंदलं की मन बदललं म्हणून फिरत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती दिवाणी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि सही तुमची, फोटो तुमचा, अंगठा तुमचा असताना ते फार जड जातं.

रानजाई: आईचीही सही मागतायत.

कलमवाली: तिची तर मुळीच नको. म्हातारपणी तिच्या हातात तेवढंच राहतं.

बांधावरचा: भावाची एक अडचण मात्र खरी असते. पीककर्जाला बँक सगळ्या सहखातेदारांच्या सह्या मागते, आणि बहिणी दूर असल्या की पेरणी तोंडावर असताना त्याची धावपळ होते. म्हणून आपणच आधी सांगावं: जमीन तू कस, पीक तुझं, कर्जाला संमतीपत्र वेळेवर मिळेल, फक्त सातबाऱ्यावर नावं राहू देत. हे लेखी करा, आईसमोर. पुढे वेगळं व्हायचं ठरलं तर सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं. आणि हा विषय भाऊबीजेला काढू नका, सह्या बहुतेक त्याच दिवशी मागितल्या जातात.