परदेशातला सव्वा महिना: तुमचा अनुभव लिहा

बाळंतपणाबद्दल लिहिलं जातं ते सगळं बाळाच्या बाजूने. किती दूध, किती झोप, शी कुठल्या रंगाची. बाळंतिणीचं काय झालं हे विचारायला परदेशात तर माणूसच नसतं. म्हणून हा धागा. सल्ले नकोत, 'आमच्या वेळी' तर अजिबात नको. जिथे बाळंतीण झालात त्या गावाचं नाव टाका आणि काय झालं ते सांगा. सुरुवात मी करते.

स्टुटगार्ट, जर्मनी

आईला शेंगेन व्हिसा मिळाला, म्हणजे १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. लवकर बोलवावं तर दिवस वाया, उशिरा बोलवावं तर ऐन वेळी कुणी नाही. शेवटी तारखेच्या २१ दिवस आधी तिला आणलं. लेक ९ दिवस उशिरा आली. उरले ६०. त्या नऊ दिवसांत आई कॅलेंडरकडे बघायची, मी पोटाकडे, आणि दोघी तिसऱ्याच विषयावर बोलायचो.

इथे सुईण घरी येते, तिला हेबामे म्हणतात. पहिले १० दिवस गरज असेल तर रोज, नंतर बाळ १२ आठवड्यांचं होईपर्यंत अधूनमधून, आणि पैसे सरकारी आरोग्य विमा देतो. फक्त ती मिळायला हवी. मी तिसऱ्या महिन्यापासून फोन करत होते, अठराव्या फोनला एक मिळाली. आईला ते पटलंच नव्हतं. "मी असताना परकी बाई कशाला?" दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, मधे मी दुभाषी, तीही टाके पडलेली.

पहिल्या दिवशी हेबामे आली, तिने बाळाआधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, लोकरीचे मोजे घाल. मी भाषांतर केलं आणि आईचा चेहरा काय फुलला! तीन दिवस ती हेच सांगत होती आणि मी "हीटर आहे गं" म्हणून उडवून लावत होते. मग हेबामेने दूध यावं म्हणून चहाच्या पुड्या दिल्या. आईने एक फोडून वास घेतला. "बडीशेप आहे की! यांनी फक्त पुड्या बांधल्यात." त्या दिवसापासून हेबामे आमच्या घरात 'आपली' झाली. आईने पाय लांब करून, पायांवर बाळाला पालथं घालून न्हाऊ घातलं तेव्हा ती बाथरूमच्या दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, परत दाखवायला सांग.

एका बाबतीत मात्र जमलं नाही. आई घुटीचं सगळं सामान घेऊन आली होती, सहाणेसकट. घुटी मधातून द्यायची म्हटल्यावर हेबामे आणि बाळाचे डॉक्टर दोघांनी नाही म्हटलं. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, तान्ह्या आतड्यात ते वाढतात, म्हणून वर्षाच्या आत मध नाही. आईने सहाण पुसली आणि परत बॅगेत ठेवली. तिने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

साठाव्या दिवशी तिला विमानतळावर सोडून आलो. नवरा माझा चांगला आहे, रात्री उठतो, भांडी घासतो. पण त्या संध्याकाळी बाळ रडलं आणि त्याने सहज माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता तूच. आईने तसं कधीच बघितलं नव्हतं. बाळ रडलं की ती आधी मला म्हणायची, तू पड. त्याच्या लेखी मी आई झाले होते, तिच्या लेखी बाळंतीण होते. हा फरक मला तोपर्यंत माहीत नव्हता.

उट्रेख्त, नेदरलंड्स

बडीशेपेवरून आठवलं. इथे बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेच्या रंगीत गोळ्या घालून देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढऱ्या, मुलगा असेल तर निळ्या-पांढऱ्या. गोळीच्या आत बडीशेपेसारखाच दाणा असतो. नाव मात्र 'छोटे उंदीर'! आमच्याकडे पहिले उंदीर मीच खाल्ले, कारण भेटायला कुणी आलंच नव्हतं. लेक चार आठवडे आधी झाला, आणि आईबाबांचे व्हिसाचे कागद तेव्हा अर्धेच भरलेले.

पण इथे क्रामझोर्ग नावाची सोय आहे. हॉस्पिटलातून लगेच घरी पाठवतात आणि मग साधारण आठ-दहा दिवस एक प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. आधी पलंग ठोकळ्यांवर चढवून उंच करायला लावतात, तिची पाठ वाकू नये म्हणून. मी पाच फूट एक इंच. ओली बाळंतीण आणि पलंगावर चढायला स्टूल! बाळाच्या पाळण्यात ती गरम पाण्याची धातूची बाटली ठेवायची, कापडात गुंडाळून. मी व्हिडिओवर आईला दाखवली, तर म्हणाली, "शेगडीच की गं ती." बाळाचा ताप, लंगोट, दूध सगळं ती एका वहीत लिहायची. माझ्याबद्दलही लिहायची. एकदा नवऱ्याने डच वाचून दाखवलं: 'आई आज थोडी रडली, मग जेवली.'

शेवटच्या दिवशी तिने वही माझ्या हातात दिली आणि सायकलवर बसून गेली. लग्नात सासरी निघताना मी रडले नव्हते, सगळ्यांनी नावं ठेवली होती. त्या दिवशी जिन्यात बसून रडले.

गोथेनबर्ग, स्वीडन

बाबाने लिहिलं तर चालेल का? इथे दोघांत मिळून ४८० दिवसांची पालक-रजा असते, त्यातले ९० प्रत्येकाला राखीव, दुसऱ्याला देता येत नाहीत. बायको कामावर परतली आणि मी सहा महिने घरी. तिकडून पहिला प्रश्न, "नोकरी गेली का?" काकांनी तर माझ्या बायकोला वेगळा फोन करून धीर दिला. थंडीत बाळाला गुंडाळून बाबागाडीत बाहेर झोपवतात इथे. मीही झोपवलं, आणि तो फोटो चुकून घरच्या ग्रुपवर गेला. त्यानंतर दोन दिवस जे झालं ते लिहीत नाही. घरची आठवण बायकोलाच येते असं मी समजत होतो. रजेच्या दुसऱ्या महिन्यात कळलं की ज्याच्या हातात दिवसभर बाळ असतं त्याला येते.

डॅलस, टेक्सस

४८० दिवस वाचून मी स्क्रीन बंद करून पाणी पिऊन आले.

इथे १९९३चा एक कायदा आहे, त्यात १२ आठवडे रजा मिळते, बिनपगारी. तीही नोकरीला वर्ष झालं असेल तर. मला नऊ महिने झाले होते. सहा आठवड्यांनी कामावर. दिवसातून तीनदा एका खोलीत पंप लावून बसायचं, बाहेर कुणी दार हलवून बघायचं.

बाबांचं डायलिसिस चालू, आई येणं शक्य नव्हतं. बाळ उठायचं पहाटे तीनला. तेव्हा घरी दुपारचे दीड. मी व्हिडिओ कॉल लावायचे, आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि बाबांचं ताट वाढायची. बोलायचो नाही आम्ही. मी अंधारात दूध पाजत असायचे, तिकडून भांड्यांचे आवाज, बाबांचं "मीठ कमी आहे". कधी ती फ्रेमच्या बाहेर जायची आणि मला नुसती भिंत आणि पंचांगाचं कॅलेंडर दिसायचं. तेवढंही पुरायचं.

मग नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे गेली. माझे तीन म्हणजे तिकडे अडीच. जेवणं होऊन आई जरा आडवी झालेली. पहिल्या रात्री फोन वाजत राहिला आणि तिने उचलला नाही. एक तासाने माझी आई हलवली सरकारने!

ऑकलंड, न्यूझीलंड

माझा सूर वेगळा आहे, रागावू नका. मला सुटल्यासारखं वाटलं. मोठ्या जावेचं बाळंतपण मी जवळून पाहिलंय. दार-खिडक्या बंद, डोक्याला फडकं, खाण्यावर पहारा, आणि बाळ रडलं की पाच जणींची पाच मतं. इथे मी आठव्या दिवशी समुद्रावर गेले. आठवण मला फार नंतर आली, मुलगी बोलायला लागल्यावर. तिला 'आजी' हा शब्द येतो, पण ती तो फोनला म्हणते.

मँचेस्टर, इंग्लंड

तीनदा लिहून खोडलंय हे.

माझ्याकडे सासूबाई आल्या होत्या. सहा महिन्यांचा व्हिसा, कामाला वाघ, मला डिंकाचे लाडू, बाळाला रोज तेल. तक्रारीला जागाच नव्हती. म्हणूनच मला कळेना की मी बाथरूममध्ये नळ सोडून का बसते. बाळ रडलं की छातीत धडधडायचं आणि ते झोपलं की त्याहून जास्त.

इथे हेल्थ व्हिजिटर घरी येते, लाल पुस्तकात बाळाचं वजन लिहिते. तिने मला एक कागद दिला, १० प्रश्नांचा, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याबद्दल. मी सगळीकडे बरं असल्याच्या खुणा केल्या. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, आणि मनात भीती की खरं लिहिलं तर बाळ घेऊन जातील. घेऊन जात नाहीत. हे एवढ्यासाठीच लिहितेय की कुणी तरी आत्ता तशीच खूण करत असेल.

पुढच्या भेटीला तिने सासूबाईंना चहा करायची विनंती केली. आता कळतंय की मुद्दाम. आणि कागद न काढता नुसतं विचारलं, तुला शेवटचं हसू कधी आलं? माझं इंग्रजी चांगलं आहे, ऑफिसात मीच सगळ्यांच्या मेल तपासते. त्या प्रश्नाला मला एक शब्द इंग्रजीत सुचला नाही. मी मराठीत बोलत सुटले आणि ती बाई न समजता ऐकत बसली. मग डॉक्टर, दूध पाजताना चालेल असं औषध, आणि दर आठवड्याला समुपदेशन. आठ महिने लागले. सासूबाईंना जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. माझंही असंच झालं होतं, तुमच्या दिरांच्या वेळी." मग आधी का नाही बोललात, हे मी विचारलं नाही.

स्टुटगार्ट

मँचेस्टर, चौथ्यांदा खोडलं नाहीस ते बरं केलंस.

ओसाका, जपान

माहेरपण फक्त आपल्याकडेच असतं असं वाटायचं. इथे त्याला शब्द आहे, सातोगाएरी, गावी परत जाणं. कितीतरी बायका बाळंतपणाला आईकडे जातात. त्यामुळे तपासणीच्या वेळी नर्सने सहज विचारलं, तुम्ही गावी कधी जाणार? मी म्हटलं, नाही जाणार. तिने "बरं" म्हटलं, पण फॉर्मवर लिहिताना तिचं पेन थांबलं. पाच दिवस हॉस्पिटलात होते. खोलीतल्या दुसऱ्या बाईची आई रोज दुपारी यायची, लेकीचे केस विंचरायची. मधला पडदा पातळ होता. चौथ्या दिवशी ती काकू जाता जाता माझ्या पलंगाशी थांबली, पिशवीतून एक सोललेलं संत्रं काढून ठेवलं आणि वाकून गेली. बस, एवढंच.

उट्रेख्त

डॅलस, मग पुढे त्या अडीचचं काय झालं? अर्धवट सोडलंस.

डॅलस, टेक्सस

काही नाही, दुसऱ्या दिवसापासून आईने दुपारचं झोपणं बंद केलं. मी ओरडले, तर म्हणाली, झोप येतच नव्हती तशी. मार्चपर्यंत तसंच चाललं. घड्याळं परत पुढे गेली, आणि त्याच सुमारास बाळ एका रात्री उठलंच नाही. मी पण नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. घाबरून उचलला. आई, मागे कुकरची शिट्टी.

"आज उठला नाही का गं तो?"