पाळणाघराची वही सापडली. नोकरी करत मुलं वाढवलेल्यांनो, तुमचंही सांगा

काल माळा आवरताना लेकाची पाळणाघरातली वही हाती लागली. तो आता बारावीला. काकू रोज लिहायच्या, काय खाल्लं, किती झोपला, शी झाली का. २००९ मधल्या एका पानावर: '११ वाजता ताप १०१. आईला फोन, लागला नाही. मांडीवर झोपला. १।। वाजता परत फोन, लागला नाही.' मी मीटिंगमध्ये होते, फोन ड्रॉवरमध्ये. कसली मीटिंग होती ते काही केल्या आठवत नाही. वही हातात धरून तिथेच शिडीवर बसले.

—

२६ जुलै २००५, मुंबई पाण्याखाली गेली तो दिवस. घर ठाण्याला, ऑफिस अंधेरीला. रात्रभर टेबलाशी बसून. लेक सव्वा वर्षाची, अंगावर पिणारी. दूध भरून छाती दगड झालेली, दर दोन तासांनी संडासात जाऊन पिळून टाकत होते. फोन सगळे बंद. दुसऱ्या दिवशी निम्मं चालत, निम्मं ट्रकमधून दुपारी पोचले. बाईंनी तिला आपल्या पोरांच्या मध्ये झोपवलं होतं. मला बघून ती रडली नाही, मीच रडले.

—

वाचूनच पोटात कालवलं गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

—

बाबांनी लिहिलं तर चालेल ना? आम्ही दोघंही चिंचवडला, वेगवेगळ्या कंपन्यांत. ती पहिल्या पाळीला, मी दुसऱ्या. पोरगा माझ्या कडेवरून तिच्या कडेवर बसस्टॉपवर जायचा, सोबत दुधाची बाटली आणि 'दोनदा उलटी झाली' एवढाच निरोप. तीन वर्षं बायकोशी धड बोलणं झालं नाही. भांडायलासुद्धा रविवार लागायचा.

—

आता बरं आहे ना पण? २०१७ पासून २६ आठवडे रजा, ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघराची सोय द्यायला लागते.

—

२६ फक्त पहिल्या दोन मुलांना. आणि कायदा असला तरी माझ्या बहिणीला शाळेत सांगितलं, राजीनामा द्या, जूनमध्ये बघू. खाजगी शाळा, कुणाकडे जाणार ती?

आम्हा राज्य सरकारी बायकांना २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा आली. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. माझी तेव्हा १९ची. तिच्या दहावीत मी निवडणुकीच्या ड्युटीवर होते.

—

मी २२ वर्षं पाळणाघर चालवते. ताई, 'फोन लागला नाही' हे आम्ही ठपका म्हणून लिहीत नाही हो. पुढच्या डोसाचा हिशोब राहावा म्हणून वेळा लिहायच्या. मांडीवर झोपला लिहिलंय ना, मग तो शांत होता. तापलेलं पोर अस्वस्थ असलं की मांडीवर टिकत नाही.

—

वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कसर लागते. सुती कापडात गुंडाळा, कडुलिंबाचा वाळका पाला घाला.

—

पाळणाघरवाल्या ताई, तुमचं तीनदा वाचलं. आत्ता काकूंना फोन लावला. त्यांना तो ताप आठवत नाही. भोपळ्याची भाजी गालात साठवून ठेवायचा, ते आठवतं. शनिवारी दोघं जातोय.

—

काकू डोंबिवली पूर्वेच्या का? गणपती मंदिराजवळ होतं एक, माझा भाचा जायचा.