इंटरकूलरवर पाण्याचा फवारा घरच्या घरी बसवायचा आहे, मार्गदर्शन हवे

निफाडचा वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १.८ लिटर टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा असलेल्या) पेट्रोल इंजिनाची २००६ सालची ऑक्टाव्हिया आहे. कामानिमित्त महिन्यातून चार-पाच वेळा निफाडहून मुंबईला जाणे-येणे होते. एप्रिल-मे महिन्यांत परतताना कसारा घाटात ट्रकांच्या मागे हळूहळू चढावे लागते आणि मोकळा रस्ता मिळून पुढे जाण्यासाठी पाय दाबला, की गाडीचा जोर थंडीच्या दिवसांतल्यापेक्षा स्पष्टपणे कमी जाणवतो. ओबीडीला (गाडीच्या संगणकातील माहिती देणाऱ्या सॉकेटला) ब्लूटूथ डोंगल लावून पाहिले, तेव्हा बाहेर ३८ अंश असताना इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान ६८ अंशांपर्यंत चढलेले दिसले.

सुबारू इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांना कारखान्यातूनच इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोने दाबल्याने तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणाऱ्या जाळीवर, पाणी फवारण्याची सोय होती, असे वाचले आहे. आमच्याकडे द्राक्षबागेसाठी पाठीवरचे बॅटरी फवारणी पंप आहेत आणि त्यांतील एका नादुरुस्त पंपाची १२ व्होल्टची डायफ्राम मोटर अजून चांगली चालते. ती मोटर, पाच लिटरचा कॅन आणि बाजारात मिळणारे बारीक तुषारांचे नोझल वापरून ही व्यवस्था करावी, असा विचार आहे. पाणी किती लागेल, नोझल कोणते घ्यावे आणि वायरिंग कसे करावे, हे कृपया सांगावे. एकाने वायपरच्या पाण्याचीच मोटर वापरण्यास सुचवले आहे. ती चालेल का?

वाळ्याची ताटी, नागपूर

तुमची कल्पना योग्य आहे. आम्ही नागपूरकर उन्हाळाभर कूलरसमोर बसून हेच तत्त्व अनुभवतो. पाणी नुसते गार असल्याने फारसा फरक पडत नाही. ते वाफ होऊन उडताना जी उष्णता ओढून घेते, ती महत्त्वाची. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.२ ज्यूल पुरतात, पण तेच पाणी ४० अंशांच्या आसपास उडून जायला सुमारे २४०० ज्यूल लागतात.

आता तुमच्या इंजिनाचा हिशेब. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर आणि ०.६ बार बूस्टवर (टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबावर) हे इंजिन सेकंदाला साधारण ११५ ग्रॅम हवा ओढते. ती १० अंशांनी गार करायची, तर सव्वा किलोवॉटच्या आतबाहेर उष्णता काढावी लागते, म्हणजे मिनिटाला ३० मिलीलिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला हवी. निम्मे पाणी वाऱ्याने उडेल किंवा गळून जाईल असे धरले, तरी मिनिटाला ६० मिलीलिटर पुरते आणि पाच लिटरचा कॅन सलग ८० मिनिटे चालतो. बूस्ट नसताना फवारा बंदच राहणार असल्यामुळे प्रत्यक्षात तो त्याहून बराच जास्त टिकेल. १० अंशांनी हवा साधारण ३ टक्के दाट होते. हा आकडा लहान वाटेल. पण हवा तापल्यावर इंजिन ठोका (इंधन आपोआप पेटून होणारा खटखटाट) टाळण्यासाठी ठिणगी उशिरा टाकते आणि त्यात जो जोर जातो, तोही गार हवेमुळे परत मिळतो.

फक्त हवामानाचा विचार करावा. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक २२ अंशांपर्यंत उतरतो. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तो जेमतेम २९ वर थांबतो. त्यामुळे कसाऱ्याच्या खाली, मुंबईच्या बाजूला, या फवाऱ्याचा उपयोग होणार नाही.

ठाणे पूर्व

वरील हिशेब उत्तम आहे, पण शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कूलरमध्ये आपण हवा गार करतो, म्हणून तिथे आर्द्रता निर्णायक ठरते. इथे गार करायची आहे ती तापलेली ॲल्युमिनियमची जाळी. टर्बोमधून निघणारी हवा १०० अंशांच्या घरात असते आणि जाळी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम असते. ५५-६० अंशांच्या पृष्ठभागावर बसलेला पाण्याचा थर ठाण्याच्या दमट हवेतही झपाट्याने उडतो. परिणाम कमी होईल, पण शून्य होणार नाही.

याच कारणाने नोझलबाबत माझा आग्रह वेगळा आहे. धुक्यासारखे अतिबारीक तुषार देणारे फॉगर घेऊ नयेत. ते तुषार जाळीला न शिवता वाऱ्याबरोबर फटींतून आरपार निघून जातात. जाळी ओली व्हायला हवी. म्हणून किंचित जाड थेंबांचे, शंकूच्या आकारात पसरणारे नोझल घ्यावे. फवारणीची साधने विकणाऱ्या दुकानात ते तुम्हाला सहज मिळेल. इंटरकूलरच्या जागी वर्तमानपत्राचा कागद धरून एकदा फवारा मारावा, म्हणजे ओले वर्तुळ जाळीच्या मापात बसते की अर्धे पाणी बाहेर जाते, ते लगेच कळते.

जुना फिटर

पंप आणि नोझल विकत घेण्याआधी एक गोष्ट पाहावी, अशी विनंती आहे. या गाडीचा इंटरकूलर लहान असून बंपरच्या कोपऱ्यात, पुढच्या चाकासमोर बसतो. बंपरच्या जाळीतून आलेली हवा प्लास्टिकच्या नळकांड्यातून त्याच्यावर येते आणि चाकाच्या कमानीतील अस्तराला ज्या तिरप्या फटी असतात, त्यांतून बाहेर पडते. इतक्या वर्षांत गाडी कुठे ना कुठे घासलेली असते आणि दुरुस्तीत ते नळकांडे परत बसवलेले नसते किंवा टर्बो नसलेल्या गाडीचे, फटी नसलेले सपाट अस्तर लावलेले असते. असे झाले की हवेला बाहेर पडायला वाटच राहत नाही, आणि जिथे हवा हलत नाही तिथे पाणीही उडत नाही. चाक पूर्ण वळवून बॅटरीच्या उजेडात अस्तर पाहावे. त्याच वेळी इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला चिखल आतल्या बाजूने हलक्या धारेने धुऊन काढावा. प्रेशर वॉशर जवळ धरू नये, पाकळ्या मुडपतात.

आता तुमच्या प्रश्नांबद्दल. वायपरची मोटर काही सेकंदांपुरती चालण्यासाठीच बनवलेली असते. ती घाटभर चालवली तर जळेल. फवारणी पंपाची मोटर चांगली आहे, आणि नोझल बंद झाले तर तिचा प्रेशर स्विच तिला थांबवतो. मात्र ती गरजेपेक्षा पुष्कळ जास्त पाणी देते, म्हणून बारा व्होल्टचा चक्री टायमर लावून दोन सेकंद चालू, आठ सेकंद बंद असे ठेवावे. दोन नोझलमधून मिळून मिनिटाला ३०० मिलीलिटर निघत असेल, तर या हिशेबाने सरासरी बरोबर ६० येते. मापाच्या भांड्यात एक मिनिट फवारा सोडून हे तपासावे. नोझलच्या अगदी जवळ सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी-मिटणारी झडप) बसवावा, नाही तर पंप थांबल्यावरही नळीत उरलेले पाणी ठिबकत राहते.

वायरिंगमध्ये रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) हवाच. बॅटरीजवळ १० ॲम्पियरचा फ्यूज लावून तिथून ३० क्रमांकाच्या पायाला वायर न्यावी आणि ८७ वरून टायमरमार्गे पंप व व्हॉल्व्ह यांना पुरवठा द्यावा. किल्ली बंद केल्यावर जो पुरवठा जातो, तो ८६ ला जोडावा. ८५ मात्र डॅशबोर्डवरचा स्विच आणि बूस्ट-स्विच (बूस्ट ठरावीक पातळीवर गेला की चालू होणारा) या दोन्हींतून अर्थला न्यावा. बूस्ट-स्विच ०.३ बारवर लावला, की हळू चालताना पाणी वाया जात नाही. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या भागाच्या) नळीत जो टी (तीन तोंडांचा जोड) बसवाल, त्याला क्लिप नक्की लावावी. तिथून हवा गळली तर इंजिनाची चाल बिघडते.

पाण्याविषयी अगदी कळकळीने सांगतो. बोअरचे पाणी घालू नये आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी तर मुळीच नको, कारण काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. एका ग्राहकाच्या गाडीत दोन महिन्यांत जाळीवर पांढरा, खरखरीत थर चढलेला मी नखाने खरवडून पाहिला आहे. तो थर उष्णता अडवतो आणि निघत नाही. घरातील एसीचे ठिबकणारे पाणी फडक्यातून गाळून घेतले, तर ते फुकट आणि जवळजवळ क्षारविरहित मिळते. पाण्यात स्पिरिट किंवा मिथेनॉल मिसळू नये. उघड्यावर, तापलेल्या इंजिनाजवळ ज्वलनशील द्रव फवारणे सर्वस्वी चूक आहे.

निफाडचा वाटसरू (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फिटरकाकांचा अंदाज खरा निघाला. माझ्या गाडीला सपाट अस्तर होते, कदाचित आधीच्या मालकाच्या काळात बदललेले. फटींचे जुने अस्तर मिळवून बसवले आणि जाळी धुतली, तेव्हा ओंजळभर वाळलेला चिखल आणि किडे निघाले. तेवढ्यानेच, बाहेर साधारण तेवढेच ऊन असताना, घाटातील तापमान ६८ वरून ५९ वर आले.

त्यानंतर फवारा जोडला. फॉगर परत केले आणि शंकूच्या फवाऱ्याची दोन नोझले जाळीपासून साधारण वीतभर अंतरावर लावली. परवा इगतपुरीपर्यंत चढताना तापमान ५१ च्या वर गेले नाही आणि पाणी दीड लिटरही संपले नाही. ठाण्याच्या सदस्यांचेही म्हणणे पटले: शहापूरजवळच्या दमट हवेत फरक पाच अंशांचा होता, घाटात आठ अंशांचा. एकच अडचण उरली आहे. ट्रकमागे गाडी पूर्ण थांबते, तेव्हा जाळी तापते आणि बूस्ट नसल्यामुळे फवाराही बंद असतो. त्या वेळी हाताने फवारा सुरू करण्यासाठी बूस्ट-स्विचला वळसा देणारे वेगळे बटण लावावे का?

जुना फिटर

बटण जरूर लावा, पण ते दाबून धरले तरच चालू राहणारे असावे. उभ्या गाडीत वारा नसल्यामुळे पाणी हळू उडते. म्हणून पुढचा ट्रक हलू लागला की मगच दोन-तीन सेकंद दाबा, म्हणजे गाडी वेग घेईपर्यंत जाळी ओली असेल.