मदत हवी आहे : ‘डाका’ (DACA) धारक तरुणाच्या मुलाखतीत खरे नाव छापावे का?

शरयू
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एका मराठी तरुणाची दीर्घ मुलाखत घेतली आहे. तो लहानपणी अमेरिकेत आला, त्याच्याकडे डाका आहे (लहानपणी आणल्या गेलेल्या, वैध कागद नसलेल्या मुलांची हद्दपारी लांबणीवर टाकणारी सरकारी योजना), आणि खरे नाव व छायाचित्र छापावे असा त्याचा स्वतःचाच आग्रह आहे. नाव बदलले तर लेख रचलेला वाटेल, असे संपादकांचेही म्हणणे आहे. मला मात्र मजकूर पाठवण्याचे धाडस होत नाही. अंक लवकरच छपाईला जाणार असल्यामुळे, स्थलांतर योग्य की अयोग्य या वादात कृपया कोणी शिरू नये. नाव छापावे की नाही, आणि छापायचे नसेल तर लेखात आणखी काय बदलावे लागते, एवढेच अनुभवी मंडळींनी सांगावे.

चौकस
शरयूताई, एवढ्या माहितीवर कोणीही उत्तर देऊ शकणार नाही. तो कोणत्या राज्यात राहतो? घरात आणखी कोण आहे आणि त्यांची कागदपत्रे कोणत्या अवस्थेत आहेत? अंक केवळ छापील आहे की संकेतस्थळावरही चढणार आहे? त्याच्या डाकाची मुदत कधी संपते?

प्रतिपक्ष
माझ्या मते उत्तर सरळ आहे : माणूस सज्ञान आहे, तो स्वतः नाव द्या म्हणतो, तर द्यावे. होजे अँटोनियो वर्गास यांनी जून २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात स्वतःच्या नावानिशी लिहिले की आपण बाराव्या वर्षी फिलिपिन्सहून आलो आणि आपल्याजवळ वैध कागद नाहीत. त्या लेखाचे जे वजन पडले ते नावामुळेच पडले. टोपणनावाने लिहिलेल्या दुःखावर वाचक हळहळतो आणि पान उलटतो. शिवाय एखाद्याचे धाडस आपण त्याच्या वतीने नाकारणे ही मला पालकगिरी वाटते.

जुना वार्ताहर
प्रतिपक्ष यांचे उदाहरण अर्धे आहे. वर्गास हे तोवर वॉशिंग्टन पोस्टच्या ज्या चमूला २००८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले त्या चमूतील पत्रकार होते. वकील आणि प्रसिद्धी या दोन्ही गोष्टी त्यांच्या पाठीशी होत्या. २०१४ मध्ये टेक्सासमधील मॅकॅलन विमानतळावर त्यांना अडवले गेले, तेव्हा देशभर बातमी झाली आणि त्याच दिवशी ते सुटले. शरयूताईंनी ज्याची मुलाखत घेतली त्या मुलासाठी कोण धावणार आहे? मार्च २०१७ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे एक तरुणी पत्रकार परिषदेत स्थलांतरितांच्या बाजूने बोलून बाहेर पडली आणि थोड्याच वेळात तिला ताब्यात घेण्यात आले. तिच्या डाकाची मुदत संपून गेलेली होती. पुढे तिला सोडले खरे, पण मध्ये तिला स्थानबद्धता केंद्रात राहावे लागले. संमती मिळाली म्हणजे वार्ताहराची जबाबदारी संपली, असे मी तरी कधी मानले नाही.

मोगरा
आमची मुलगी सतरा वर्षांची असून एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, आहे. यजमानांच्या ग्रीन कार्डाचा क्रमांक इतक्यात लागण्याची चिन्हे नाहीत. एकविसाव्या वर्षी तिचे अवलंबित्व संपेल तेव्हा तिला डाका मिळू शकेल का?

अनुराधा के.
मोगराताई, नाही. १५ जून २०१२ रोजी ज्यांच्याकडे वैध व्हिसा होता त्यांना डाकाच्या नियमांनी वगळले आहे, आणि २००७ च्या जूनपासून सलग येथे राहिल्याचा पुरावाही लागतो, जो आपल्या मुलीच्या बाबतीत संभवत नाही. टेक्सासमधील संघराज्याच्या न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या आदेशापासून नवे अर्ज मंजूरही होत नाहीत. जुन्यांचे फक्त नूतनीकरण होते. आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा.

शरयू, तो मुलगाही एच-४ वरच आला होता का? तसे असेल तर त्याला डाका कसा मिळाला, हा प्रश्न तुमच्या मराठी वाचकांना पहिल्या परिच्छेदातच पडेल.

शरयू
हे तपशील प्रश्नाला आवश्यक आहेत असे मला वाटले नव्हते, तरी देते. तो २००४ मध्ये पाच वर्षांचा असताना आईबरोबर एच-४ वर आला. २००८ च्या मंदीत वडिलांची नोकरी गेली, दुसरा प्रायोजक मिळाला नाही, आणि कुटुंब परत गेले नाही. त्यामुळे २०१२ मध्ये त्याच्याजवळ वैध व्हिसा नव्हता. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर, २०१४ मध्ये, त्याने अर्ज केला. ज्या शेजाऱ्यांनी व्हिसा सांभाळला त्यांच्या मुलांना हा दरवाजा बंद राहिला आणि आपल्याला तो उघडला, याची त्याला टोचणी आहे, आणि मुलाखतीतील सर्वांत चांगला भाग तोच आहे. तो आता सव्वीस वर्षांचा असून टेक्सासमध्ये आईवडिलांसह राहतो. त्या दोघांकडे काहीच कागद नाहीत. धाकटा भाऊ येथे जन्मलेला, म्हणून नागरिक आहे. अंक छापील आहे आणि त्याची पीडीएफ मंडळाच्या संकेतस्थळावर राहते. डाकाची मुदत फेब्रुवारीच्या मध्यावर संपते. आता तरी उत्तर मिळेल अशी आशा आहे.

चौकस
म्हणजे प्रश्न त्याच्या नावाचा कधी नव्हताच. तो त्याच्या आडनावाचा आहे. त्याने स्वतःपुरती संमती दिली आहे, पण त्याच आडनावाची आणखी दोन माणसे त्याच पत्त्यावर झोपतात. त्यांना तुम्ही विचारले आहे का?

रानवारा
मी सुरुवातीपासून वाचतो आहे आणि मला आश्चर्य वाटते की सर्वांत सोपा मार्ग कोणीच सुचवला नाही. या मुलाखतीची कथा करावी. आपल्या दिवाळी अंकांत कथेला मुलाखतीपेक्षा नेहमीच अधिक वाचक मिळतात, आणि कथेतील पात्राला कोणी नोटीस धाडत नाही. मी स्वतः शेजारच्या एका कुटुंबावर अशी कथा लिहिली होती व तिचे कौतुक झाले होते.

जुना वार्ताहर
त्या शेजाऱ्यांनी कथा वाचली का, हेही सांगितले असते तर बरे झाले असते. कथा केली की प्रत्येक तपशील नाकारता येतो. मग हा मुलगा खरोखर आहे, आपल्याच मंडळाच्या गणपतीला येतो, ही गोष्टच उरत नाही. बातमीदारीत नाव झाकण्याची रीत आहे : नाव बदलले आहे हे वाचकाला उघड सांगावे, का बदलले ते एका वाक्यात द्यावे, आणि खरे नाव व कागदपत्रे संपादकांपैकी एकाने प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. लेख खरा असल्याची हमी त्या खात्रीतून येते, हे तुमच्या संपादकांना माझ्या शब्दांत कळवले तरी चालेल.

प्रतिपक्ष
आईवडिलांचा मुद्दा मला मान्य आहे, त्यांच्याबद्दलचा मजकूर काढावा. पण मुलाचे नाव झाकण्याची मग गरज उरत नाही. त्याला तर हद्दपारीपासून संरक्षण आहे.

अनुराधा के.
हे संरक्षण नेमके किती आहे ते पाहावे. मी स्थलांतरविषयक वकिलांच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करते. हा कायदेशीर सल्ला नव्हे, पण असे अर्ज रोज हाताखालून जातात. डाका म्हणजे वैध वास्तव्याचा दर्जा नव्हे. सरकार दोन वर्षांपुरती कारवाई लांबणीवर टाकते, तीही अधिकाऱ्यांच्या विवेकानुसार. २०१७ मध्ये ही योजना गुंडाळण्याची घोषणा झाली, जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती गुंडाळण्याची पद्धत मनमानी ठरवली, पण योजना स्वतः कायदेशीर आहे का, यावर निर्णय दिला नाही. तो लढा टेक्सास राज्याने योजनेविरुद्ध केलेल्या दाव्यात चालू राहिला. १७ जानेवारी २०२५ रोजी पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने कारवाई स्थगित ठेवणे आणि काम करण्याचा परवाना देणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या व परवान्यावरची मनाई टेक्सासपुरती मर्यादित केली. म्हणजे इतर राज्यांतील मुलांपेक्षा या मुलाचे पाय अधिक भुसभुशीत जमिनीवर आहेत. परवाना जाण्याची टांगती तलवार टेक्सासवरच आहे.

आता तारखांकडे या. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी करावा अशी शिफारस असते. मुदत फेब्रुवारीच्या मध्यावर संपत असेल तर तो काळ साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येतो. त्याचा अर्ज टेबलावर पडलेला असेल, नेमका तेव्हाच तुमचा अंक निघेल.

याहून गंभीर गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून मीच विचारते. नोकरीच्या किंवा महाविद्यालयाच्या अर्जात आपण नागरिक आहोत अशा चौकटीवर कधी खूण केल्याचे त्याने मुलाखतीत सांगितले आहे का? नागरिकत्वाचा खोटा दावा ही पुढे ग्रीन कार्डाच्या वाटेत जवळजवळ कायमची आडकाठी ठरते. वर्गास यांनी तसे छापून कबूल केले, पण ती किंमत त्यांनी स्वतः ठरवून मोजली. वडील २००८ नंतर कोठे आणि कोणाकडे काम करत होते, हेही लेखात असेल तर ते आजच काढावे.

शरयू
चौकटीचा उल्लेख नाही. वडिलांच्या कामाबद्दल मात्र पूर्ण परिच्छेद आहे, त्यात मालकाचे गावही आहे. आईवडिलांना मी विचारलेले नाही. मुलाने त्यांना सांगितले आहे असे तो म्हणाला होता. मूळ ध्वनिमुद्रण माझ्या फोनमध्ये आहे. ते कोणी मागू शकते का?

जुना वार्ताहर
टेक्सासमध्ये २००९ पासून पत्रकारांना माहितीस्रोत उघड करण्यापासून मर्यादित संरक्षण देणारा कायदा आहे. मात्र त्यातील पत्रकार म्हणजे ज्याच्या उपजीविकेचा लक्षणीय भाग या कामावर चालतो किंवा ज्याला त्यातून भरीव आर्थिक लाभ होतो तो. दिवाळी अंकासाठी विनामानधन लिहिणारी व्यक्ती त्यात बसेल असे मी गृहीत धरणार नाही. शिवाय स्थलांतर हा संघराज्याचा विषय, आणि त्या पातळीवर असा कायदाच नाही. १९७२ च्या ब्रान्झबर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांचा हा विशेषाधिकार नाकारला होता. ध्वनिमुद्रणाची आवश्यक टिपणे काढावीत, त्यांत नाव लिहू नये, आणि मूळ ध्वनिफीत ठेवण्याचे कारण उरले नसेल तर आत्ताच काढून टाकावी. एकदा समन्स हातात पडल्यावर काही पुसणे हा स्वतंत्र गुन्हा होतो.

लेखातील बदलांविषयी एवढेच सांगतो की नाव हे ओळखीचे सर्वांत किरकोळ साधन आहे. मूळ तालुका, आल्याचे वर्ष, भावाचे वय, तो कोणत्या ढोल-ताशा पथकात वाजवतो, यांतील कोणतेही तीन तपशील एकत्र आले की आपल्या लोकांना घर सापडते. लेख लिहून झाल्यावर त्याला न ओळखणाऱ्या, पण त्याच शहरात राहणाऱ्या एका मराठी माणसाला वाचायला द्यावा आणि हा कोण असेल असे विचारावे.

रानवारा
एवढे सगळे काढल्यावर जे उरते तिला आम्ही कथाच म्हणतो.

शरयू
आज मी त्याच्या आईशी फोनवर बोलले. मुलाखत झाली आहे हे त्यांना ठाऊक होते, ती छापली जाणार आहे हे नव्हते. छायाचित्राला त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि नावाबद्दल मुलाशी बोलून कळवते म्हणाल्या. वडिलांचा परिच्छेद, तालुका आणि पथक मी काढले आहे. एच-४ च्या मुलांबद्दलचे त्याचे बोलणे तसेच ठेवले आहे. नाव बदललेला मजकूर घ्यायला संपादक तयार आहेत, पण पीडीएफ मात्र संकेतस्थळावर चढणारच असे ते म्हणतात, कारण जाहिरातदारांना तसा शब्द दिला आहे.

अनुराधा के.
जाहिरातदारांना जाहिराती दिसल्या म्हणजे झाले. संकेतस्थळावरच्या प्रतीतून मुलाखतीची पाने वगळावीत आणि हा लेख केवळ छापील अंकात आहे अशी ओळ तेथे टाकावी. तेही जमत नसेल, तर नूतनीकरणाचा कागद त्याच्या हातात पडेपर्यंत पीडीएफ थांबवायला सांगावे, आणि ते तोंडी न ठेवता ईमेलवर लिहून घ्यावे.

मोगरा
वेगळा धागा काढला आहे. अनुराधाताई, कृपया तिकडे यावे.