शब्दचर्चा : यवन, युनान, रूम

प्रश्न : बखरींत 'यवन' म्हणजे सरळ मुसलमान. पण कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत, तीही इस्लामच्या कितीतरी आधीची. मग हे यवन नेमके कुठले? आणि 'युनानी' औषधांतला युनान तोच का?

– तोच. मुळात आयोनिया, म्हणजे आशियाच्या किनाऱ्यावरचा ग्रीकांचा प्रदेश. जुन्या फारसीत 'यौन', अशोकाच्या लेखांत 'योन', संस्कृतात 'यवन', अरबीत 'युनान'. इराण्यांच्या शेजारी आयोनियाचे ग्रीक होते, म्हणून सगळेच यवन. विंध्याखालचा प्रत्येक माणूस 'मद्रासी', तसंच हे. पुढे पश्चिमेकडून येणारा कोणीही परका यवन झाला. खुद्द ग्रीक मात्र देशाला 'एलादा' म्हणतात. 'ग्रीस' हे लॅटिनकडून आलेलं.

– आणि ज्या आयोनियामुळे हे नाव पडलं ते आज ग्रीसमध्ये नाहीच! इझमीरच्या, म्हणजे जुन्या स्मर्नाच्या आसपासचा तो तुर्कस्तानचा किनारा. १८३० साली ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हा थेसाली, क्रीट, थेसालोनिकी सगळं बाहेरच होतं. थेसाली बरीचशी १८८१ला मिळाली, बाकीची दोन्ही बाल्कन युद्धांनंतर. १९१९ला ग्रीक फौजा स्मर्नात उतरल्या, १९२२ला हरल्या आणि शहर जळालं. १९२३च्या लोझान कराराने लोकसंख्येची अदलाबदल ठरली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला आले, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निकष भाषेचा नव्हे, धर्माचा. त्यामुळे घरात तुर्की बोलणारे अनातोलियातले (आशियाई तुर्कस्तानातले) ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती 'ग्रीक' ठरले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान 'तुर्क'. अथेन्सला लागून 'नेआ इओनिया', म्हणजे नवं आयोनिया, आहे. ते या निर्वासितांनीच वसवलेलं.

– तुर्कीत ग्रीक माणसासाठी दोन शब्द आहेत. ग्रीस देशातला तो 'युनान', इस्तंबूलचा किंवा सायप्रसचा ग्रीक तो 'रूम'. रूम म्हणजे रोम. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातले ग्रीकभाषक स्वतःला रोमनच म्हणवत. आपल्या जुन्या लिखाणातल्या 'रूमशाम'मधला (तुर्कस्तान-सीरिया) रूमही हाच.

– एक शंका. कॉर्फू वगैरे आयोनियन बेटं तर ग्रीसमध्येच आहेत की, तीही पश्चिमेला!

– नाव दिसायला सारखं, पण वेगळं. ग्रीक लिपीत 'ओ'ची दोन अक्षरं आहेत : बेटांच्या नावात ऑमिक्रॉन आहे, आशियातल्या आयोनियात ओमेगा. देवनागरीत दोन्ही 'यो', त्यामुळे गल्लत होते. ही बेटं ब्रिटिशांकडे होती, १८६४ला ग्रीसला मिळाली. यवनांशी त्यांचा संबंध नाही.