रात्रीचा दर घ्यावा का?

घरी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करणाऱ्यांना सर्रास सल्ला मिळतो की रात्रीची वीज स्वस्त, तेव्हा डोळे झाकून वेळेनुसार दराचा पर्याय घ्या. अर्धंच पटतंय. त्या पर्यायात संध्याकाळची वीज सहसा महागते, आणि एसी, गीझर, इंडक्शन काही गाडीसाठी थांबत नाहीत. गाडी आठवड्याला शे-सव्वाशे किलोमीटरच धावत असेल, तर रात्रीची बचत संध्याकाळी तिथल्या तिथे फिटते.

हिशोब सोपा आहे. छोटी गाडी युनिटला साधारण ६-७ किमी जाते. रोज ४० किमी म्हणजे ६-७ युनिट, चार्जिंगमधली १० टक्के गळती धरून ७ च्या आसपास. ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर दोन-सव्वादोन तासांचं काम! एवढ्यासाठी ७ किलोवॅटचा चार्जर, वर मंजूर भार (घराला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) वाढवून जादा स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा भरायची ठरलेली रक्कम, कशाला भरायचा? (आमच्याकडे हौसेनं बसवलाय, असो.)

गाडीसाठी वेगळा मीटर घेणार असाल तर त्याचा स्थिर आकार आधी बघा. मात्र टप्प्यांचा दर (जास्त युनिट वापरले की पुढचं युनिट महाग) असेल आणि गाडीमुळे घरचं बिल वरच्या टप्प्यात जात असेल, तर वेगळा मीटरच बरा. आणि हो, चार्जिंगचा टायमर गाडीत लावा किंवा चार्जरमध्ये. दोन्हीकडे लावला आणि वेळा जुळल्या नाहीत, की सकाळी बॅटरी होती तिथेच.