पेमेंट लोगोंसाठी जावास्क्रिप्ट लायब्ररी: गरज की ओझं?

अर्धविराम: चेकआउटवर व्हिसा, मास्टरकार्ड, अमेक्स, पेपाल असे चार-पाच लोगो दाखवायचे आणि त्यासाठी शंभरेक लोगोंचं एनपीएम पॅकेज (तयार जावास्क्रिप्ट कोडचा संच) ओढून आणायचं, हे मला पटत नाही. पाच एसव्हीजी फायली (कोडने वर्णन केलेली चित्रं) प्रकल्पात ठेवा, इमेज टॅगने दाखवा, रुंदी-उंची लिहा म्हणजे लोड होताना पान उड्या मारणार नाही. फायली ब्राउझर कॅश करतो. तेच लोगो रिअ‍ॅक्ट कंपोनंट (जावास्क्रिप्ट कोडचा तुकडा) म्हणून आले की बंडलमध्ये, म्हणजे साइटच्या एकत्र बांधलेल्या कोडमध्ये, शिरतात. बेस६४ करून, म्हणजे अक्षरांच्या रूपात बदलून, सीएसएसमध्ये कोंबले तर आकार सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो.

शिवाय हे पैशाचं पान आहे. पीसीआय डीएसएस ४ या कार्ड-सुरक्षा नियमावलीतली ६.४.३ ही अट पेमेंट पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद, ती का हवी याचं लेखी कारण आणि ती बदललेली नसल्याची खात्री मागते. ३१ मार्च २०२५ पासून ती लागू आहे. चित्रांपायी त्या नोंदवहीत भर कशाला?

टिंबटिंब: बंडलचा मुद्दा अर्धाच खरा. ईएस मॉड्यूल (इम्पोर्ट-एक्स्पोर्टने जोडलेला कोड), प्रत्येक लोगोचा वेगळा एक्स्पोर्ट आणि पॅकेज-जेसन या माहिती-फायलीत 'साइडइफेक्ट्स: फॉल्स' (न वापरलेला भाग वगळला तरी चालेल) एवढं असेल तर वापरलेले पाचच लोगो आत येतात. घोळ होतो तो नावाची स्ट्रिंग देऊन लोगो मागवणाऱ्या कंपोनंटमुळे. चालताना कोणतं नाव येईल हे बंडलरला (कोड एकत्र बांधणाऱ्या साधनाला) कळत नाही, मग तो सगळेच ठेवतो. दोष त्या एपीआयचा, म्हणजे लोगो मागवण्याच्या पद्धतीचा आहे.

आणि तुमच्या पाच फायली येणार कुठून? एकीचा व्ह्यूबॉक्स (चित्राची आतली चौकट) चौकोनी, दुसरीचा लांबट, तिसरीला कडेने रिकामी जागा. कार्डाचं माप ८५.६० बाय ५३.९८ मिमी, ३८ बाय २४ ची चौकट त्या प्रमाणाच्या जवळ जाते. चौकट एक केली तरी काम संपत नाही. मास्टरकार्डची वर्तुळं आणि व्हिसाची अक्षरं एकाच उंचीची ठेवलीत तर व्हिसा अंगावर येतं. ते डोळ्यांनीच जुळवावं लागतं, आणि चांगली लायब्ररी ते एकदाच करून ठेवते. मास्टरकार्डने जानेवारी २०१९ मध्ये चिन्हातून नाव काढण्याचं जाहीर केलं. प्रकल्पात कॉपी केलेली जुनी फाइल बदलायची कुणाला आठवते?

जुनाखिळा: खरा खड्डा दोघांनीही ओलांडला. इनलाइन, म्हणजे थेट पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या, एसव्हीजीत आयडींची (आतल्या भागांच्या नावांची) टक्कर होते. एसव्हीजीओ हे फायली लहान करणारं साधन आयडी छाटून 'ए', 'बी' करतं. दोन लोगोंच्या ग्रेडियंटचा आयडी 'ए' झाला की दुसऱ्याला पहिल्याचा रंग चढतो. पहिला लोगो मोबाइलवर 'डिस्प्ले नन'ने लपवलेला असेल तर काही ब्राउझरांत दुसऱ्याचा रंगच उडतो, आणि शोधणारा भलत्याच सीएसएसमध्ये हात घालतो. बिल्डमध्ये प्रीफिक्स-आयडीज हे आयडींआधी वेगळं नाव जोडणारं प्लगइन लावा. तोच लोगो पानावर दोनदा येणार असेल तर तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक प्रतीला वेगळा आयडी द्या, रिअ‍ॅक्टमध्ये यूजआयडी या फंक्शनने.

व्ह्यूबॉक्स काढणारं प्लगइनही बंद आहे ना ते बघा. नाहीतर सीएसएसने रुंदी कमी केल्यावर लोगो आकसत नाही, कापला जातो. आणि स्प्राइट (सगळे लोगो असलेली एकच फाइल) दुसऱ्या डोमेनच्या सीडीएनवर (फायली पुरवणाऱ्या सर्व्हरवर) ठेवू नका, त्यातला लोगो दाखवणारा यूज टॅग तो उचलत नाही.

अर्धविराम: म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की! इमेज टॅगमधली एसव्हीजी हा स्वतंत्र दस्तऐवज असतो. आयडी भिडत नाहीत, आतली स्क्रिप्टही चालत नाही. करंटकलर (पानावरच्या मजकुराचा रंग चित्राला देणं) चालत नाही हे कबूल, पण तो इथे नकोच. अ‍ॅपल पेचं चिन्ह थीमच्या रंगात रंगवायला परवानगी नाही. पॅकेजवरचा एमआयटी हा मुक्त वापराचा परवाना कोडपुरता असतो, ट्रेडमार्क त्यात येत नाही.

टिंबटिंब: रंगाचं मान्य. गडद थीमवर व्हिसाचा निळा बुडतो, तेव्हाही लोगोला हात न लावता मागे पांढरं कार्ड आणि बारीक कडा द्यावी. पण ग्राहक आकडे टाइप करतो तेव्हा लोगो बदलायला जावास्क्रिप्ट लागणारच. ४ ने सुरू होणारं व्हिसा. ३४ किंवा ३७ अमेक्स, १५ अंकी. मास्टरकार्ड ५१ ते ५५, शिवाय २२२१ ते २७२०. ही दुसरी मालिका जुन्या रेगेक्समध्ये (आकडे तपासणाऱ्या नमुन्यात) नसते आणि चालणारं कार्ड 'अवैध' ठरतं.

जुनाखिळा: कार्डाची ओळख आणि चित्रं एकाच पॅकेजात बांधू नका. मालिका बदलल्या तर लगेच सोडाव्या लागतात, लोगोंची घाई नसते. ओळखणाऱ्या फंक्शनने एक नाव न देता यादी द्यावी: फ्रान्सचं कार्त बाँकेर आणि व्हिसा एकाच कार्डावर असतात, आणि युरोपीय संघात त्यातलं कोणतं वापरायचं ते निवडण्याचा हक्क ग्राहकाचा आहे.

लोगोतला बदल पॅच (सर्वांत किरकोळ बदलाच्या) आवृत्तीत सोडणं मला मान्य नाही. लोकांच्या स्क्रीनशॉट चाचण्या एका रात्रीत लाल होतात. निदान मायनर (त्याहून एक पायरी वरची) करा.

टिंबटिंब: मायनर केलंत तरी आवृत्तीच्या आकड्याआधी कॅरेट (^) लिहिलेला असेल तर ती आपोआप घेतली जाणारच. लॉकफाइल (नेमकी आवृत्ती पक्की करणारी फाइल) ठेवणं हे वापरणाऱ्याचं काम.

अर्धविराम: लॉकफाइल सांभाळायची, बदलांची नोंद वाचायची, ऑडिटला उत्तर द्यायचं, आणि हे सगळं पाच चित्रांसाठी. माझ्या फायली तिथेच राहू द्या. शेजारी 'व्हिसा' असं लिहिलेलं असेल तर ऑल्ट (चित्राचा पर्यायी मजकूर) रिकामा ठेवा, नाहीतर स्क्रीन रीडर तेच नाव दोनदा वाचतो. लायब्ररीत ऑल्ट आधीच भरून ठेवलेला असला की नेमकं हेच होतं.